उरलेले दोनशे धागे

तुळसाक्काच्या पाठीवरचं पोलकं घामानं भिजून अंगाला चिकटलं होतं, आणि ती म्हणत होती, "दोनशे धागं ऱ्हायल्यात गं. एवढं सांधते नि उठते."

सकाळचे अकरा वाजले होते. डोक्यावर पंखा फिरत होता. मला घाम नव्हता. तिच्या कपाळावरचा घाम मात्र नाकावरून खाली ठिबकत होता. दर चार धाग्यांनी ती बोटं पदराला पुसायची आणि पुन्हा राखेच्या वाटीत बुडवायची.

"छातीत दुखतंय काय?" मी विचारलं.

"दुखत कायबी न्हाय. दम लागलाय निस्ता. आणि ह्यो जबडा जरा धरल्यागत झालाय."

तिला बारा-तेरा वर्षांपासून साखरेचा आजार होता. मला वाटलं, साखर उतरली असणार. मी आत जाऊन चमचाभर साखर आणली आणि तिच्या तोंडात टाकली. ती चघळत चघळत सांधत राहिली.

तेव्हाच मी तिला दंडाला धरून उठवायला पाहिजे होतं. मी उठवलं नाही. माग आमचा होता. माझ्या मुलाचे, प्रकाशचे दोन पॉवरलूम, त्यातला एक सकाळपासून उभा होता, आणि लग्नाच्या साड्या शनिवारी द्यायच्या होत्या. शिवाय आमच्या वडगावात अर्धा सांधलेला ताणा सोडून कोणी उठत नाही. धागे एकात एक अडकतात, सगळी मेहनत वाया जाते. जुन्या बायका तर म्हणायच्या, अर्धा ताणा टाकून उठलीस तर घरातलं काहीतरी अर्धं राहतं. म्हणून मी काय केलं, तर तिच्या समोर दुसऱ्या टोकाला बसले, अंगठ्याला राख लावली आणि तिकडून सांधायला लागले. दोघी मिळून लवकर होईल, असं वाटलं.

हे मी केलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला कोणी चांगली समजायला नको.

सांधणी म्हणजे काय ते सांगते. मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की नव्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका शेंड्याला पीळ देऊन जोडायचा. गाठ मारायची नाही, नुसता पीळ, आणि तो धरावा म्हणून बोटाला राख. साडीच्या ताण्याला हजारो धागे असतात. अर्धा दिवस मान खाली घालून बसावं लागतं. जुना ताणा पार संपायच्या आत हे करायचं. संपला, तर सगळे धागे पहिल्यापासून फणीतून ओवत बसा.

तुळसाक्का आमच्या गल्लीची सांधणीवाली. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. बुटकी, रुंद, नाकात मोरणी, आणि चालताना दोन्ही हात अंगापासून लांब धरायची, कारण बोटांना राख असायची आणि लुगडं खराब व्हायचं. काम नसेल तेव्हाही तशीच चालायची. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, सुमन, निपाणीला दिलेली. आक्का आमच्या भिंतीला भिंत लावून एका खोलीत एकटी राहायची आणि चार गल्ल्यांतल्या मागांवर सांधणी करायची. तिनं सांधलेला धागा सुटला असं मी तरी कधी ऐकलं नाही.

पन्नास वर्षं पीळ देऊन तिचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. त्यावर एक रेघ नव्हती. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं मशीन आलं, तेव्हा ते मशीन तिला ओळखेना. दुकानदारानं पाच वेळा अंगठा पुसायला लावला, मग तो वैतागून म्हणाला, "आजी, मशीन म्हणतंय तुम्ही न्हाईच."

"मशीन म्हणतंय न्हवं? मग तेलाच घाल तांदूळ," तुळसाक्का म्हणाली. "मी इथं हुभी हाय. डोळ्यानं दिसत न्हाय काय तुला?"

मागं रांगेत सगळे हसायला लागले. शेवटी करंगळीवर काम झालं. तेव्हापासून ती करंगळीला 'माझं सरकारी बोट' म्हणायची.

रक्त तपासायला गेली तेव्हाही तेच. तपासणाऱ्या पोरीनं सवयीनं अंगठ्याशेजारचं बोट धरलं, सुई टोचली, रक्त येईना. पुन्हा टोचली. तुळसाक्कानं आपणच अनामिका पुढं केली. "हे घे. मालक गेल्यापासनं हे बोट बिनकामाचं हाय."

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मूळच्या कन्नड, पण मराठी चांगलं बोलतात. त्यांनी चरबीच्या पहिल्या तपासणीनंतर तिला सांगितलं की साखर तर आहेच, रक्तात चरबीही वाढली आहे. साखरेच्या गोळीशिवाय चरबीला रोज एक वेगळी गोळी घ्यायची, जेवणात तेल-तूप कमी करायचं, आणि रोज चालायचं.

"साखरंची गोळी घेते की. चरबीला निराळी कशाला?" तुळसाक्कानं विचारलं. मीही सोबत होतेच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर आणि चरबी या दोघी जावा आहेत, आक्का. एका घरात राहतात, एकीमुळं दुसरीही बिघडते. पण एकीची समजूत काढली म्हणून दुसरी गप्प बसत नाही. दोघींशी वेगवेगळं बोलावं लागतं. नाहीतर दोघी मिळून हृदयाच्या नळ्या बुजवतात."

"माझी जाऊ असलीच हुती," तुळसाक्का म्हणाली. "सासूनं मला समजावलं की ही तिकडनं सुरू व्हायची."

तिच्या वडिलांना आणि थोरल्या भावाला हृदयानंच नेलं होतं. भाऊ तर मागावर बसल्या बसल्या गेला. त्यामुळं ती हसली तरी तिनं ऐकलं. घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर तेलाची बाटली घेतली आणि तिला चार ठिकाणी लाल सूत बांधलं. एका आठवड्याला एक सूत. तेल सुताच्या खाली गेलं की उरलेले दिवस चटणी कोरडी, भाजी उकडलेली. एकदा सुमन माहेरी आली होती, तिनं पोरांसाठी बटाट्याची भजी केली आणि तेल एकदम दोन सुतं खाली उतरवलं. तुळसाक्कानं लेक जाईपर्यंत आनंदानं सगळ्यांना भजी वाढली. पुढचे बारा दिवस आमच्या घरून फोडणीचा वास आला की भिंतीपलीकडून ओरडायची, "रत्ने, जरा दार लाव गं. वासानंच चरबी वाढाय लागलीया."

लग्नाच्या पंगतीत ती पानावर उपडा हात धरायची आणि 'साकु' म्हणायची. कन्नडमध्ये पुरे म्हणायला हाच शब्द. मराठीत पुरे म्हटलं की वाढणारे ऐकत नाहीत, आग्रह करतात, साकु म्हटलं की सरळ पुढं जातात, असं तिचं म्हणणं. पण कुंद्यापुढं, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईपुढं, तिचं चालत नसे. कोणी कुंद्याचा डबा दिला की चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची, आणि डबा माझ्या हातात द्यायची. "जिभंला कळू दे. रक्ताला कळाय नको."

मी तिच्यादेखत उरलेला डबा खायची. मला साखर नाही असं मी समजत होते, कारण मी तपासलीच नव्हती.

आता चुकीचं सांगते. ती चूक माझी आहे.

चरबीची गोळी सुरू केल्यावर वर्षभरानं तिचे पाय दुखायला लागले. मांड्या आणि पोटऱ्या. तिला वाटायचं, बैठं काम, वय. पण कोणीतरी तिला म्हणालं की त्या गोळीनं दुखतात. त्याच दिवसांत नवा रिपोर्ट आला. रिपोर्ट इंग्रजीत. आमच्या सीमाभागात पाट्या कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत, आणि आम्ही मराठी. मी चौथी पास आहे, ती दुसरीतून घरी बसलेली. चौथी म्हणजे तिच्या हिशेबी वकिलाच्या जवळपास. ती रिपोर्ट घेऊन माझ्या उंबऱ्यावर बसली.

मला आकडे तेवढे कळत होते. आधीचा कागद आणि हा कागद शेजारी ठेवून मी आकडे बघितले. साखर उतरली होती. चरबीचे आकडेही उतरले होते, कुठंच खूण केलेली नव्हती.

"सगळं नॉर्मल हाय," मी सांगितलं.

"मग ही पाय दुखवणारी गोळी कशाला घ्यायची गं आता?"

"तेच की. ताप उतरल्यावर तापाची गोळी कोण खातं काय? सोड."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. "डाक्टरीणबाईला इचारू काय?"

"तेवढ्यासाठी रांगेत बसतीस? रिपोर्ट सांगतोय की."

आकडा गोळीनं उतरला होता. गोळी सोडली की तो पुन्हा वर जाणार. आता हे मला कळतं. तेव्हा मला कळत नव्हतं, पण न कळणारं माणूस गप्प बसतं. मी बसले नाही.

तिनं साखरेची गोळी चालू ठेवली, चरबीची सोडली. पाय दुखायचे थांबले, तशी ती खूश झाली. डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही, कारण त्या रागावतील. सुमन दर फेरीला गोळ्यांची पाकिटं आणायची, ती तुळसाक्का सुताच्या कांड्यांच्या जुन्या डब्यात टाकायची. फेकायची नाही. चांगली वस्तू फेकायची तिला सवय नव्हती. आठ-नऊ महिने गेले. आणि मग तो ताण्याचा दिवस आला.

शेवटचा धागा तिनंच सांधला. माझा हात पुढं गेला होता, तिनं तो बाजूला सारला. मग उठली, एक पाऊल टाकलं आणि भिंतीला धरून खाली बसली. मी प्रकाशला हाक मारली. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी होती. रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. ती एकच वाक्य बोलली, "ताण्याचा बीम फिरवताना हळू फिरवा म्हणाव."

मोठ्या दवाखान्यात हृदयाची पट्टी काढली आणि सगळे पळायला लागले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून होतोय? मी सांगितलं, साडेनऊ-दहापासून.

"आता बारा वाजत आले. एवढा वेळ काय करत होता?"

खाटेवरून तुळसाक्काच म्हणाली, "ताणा सांधत हुतो."

ते म्हणाले, साखरेच्या माणसाला हृदयाचा झटका आला तरी कधीकधी छातीत दुखत नाही, नसा बोथट झालेल्या असतात. नुसता घाम, दम, जबडा धरणं, एवढंच होतं. त्यातही वेळ दवडायचा नसतो. मग तिला आत नेलं आणि हातातून तार घालून बुजलेल्या नळीत जाळी बसवली. हृदयाचा एक भाग निकामी झाला होता. तो परत येणार नाही म्हणाले. सकाळीच आणलं असतं तर तेवढा भाग गेला नसता, हे त्यांनी सांगितलं नाही. मीच विचारलं, तेव्हा सांगितलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई तिला बघायला आल्या. सुमन उशाशी होती, मी पायथ्याशी. बाईंनी रक्ताचा कागद बघितला आणि विचारलं, "आक्का, चरबीची गोळी चालू होती ना?"

"न्हाय."

"का? कोणी बंद करायला सांगितली?"

तुळसाक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. छताकडं बघत म्हणाली, "कुणी सांगतंय? पाय दुखत हुते. मीच सोडली. म्हातारी हट्टी हाय."

सुमन तिला खूप बोलली. रडली आणि बोलली. तुळसाक्का ऐकून घेत होती. मी तिथं उभी होते आणि मी बोलले नाही. लग्नात, बारशात, गल्लीच्या भांडणात माझं तोंड सगळ्यांच्या पुढं असतं. त्या दिवशी नव्हतं.

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या की पाय दुखत होते तर मला सांगायचं, गोळी कमी करता येते, बदलता येते, पण आपल्या मनानं सोडायची नाही. आणि आकडा चांगला आला, तर गोळी काम करतेय असं समजायचं, काम संपलं असं नाही.

घरी आले तर प्रकाशनं माग चालू केला होता. पण धागे सारखे तुटत होते. तो म्हणाला, "आई, सांधणी सुटायलीया." मी जाऊन बघितलं. सुटणारे धागे सगळे एका बाजूचे होते. माझ्या बाजूचे. तिच्या बाजूचा, घाम गाळत, दम टाकत तिनं जे सांधले त्यातला, एकही धागा सुटला नव्हता.

पंधरा दिवसांनी ती घरी आली. मी त्याच दिवशी तिच्यापुढं जाऊन बसले आणि म्हणाले, "आक्का, मी सांगितलं म्हणून तू सोडलीस. दवाखान्यात तसं का न्हाय बोललीस?"

"बोलून काय नळी उघडणार हुती?"

"सुमननं तुला नको नको ते सुनावलं."

"लेक हाय माझी. तुला बोलली असती तर तू उलटून बोलली असतीस, आणि मग माझ्या दाराशी तू आली नसतीस. मला शेजार पायजे." मग माझ्या पोटाकडं बोट केलं. "उद्या सकाळी उपाशी ऱ्हा. माझ्यासंगं दवाखान्यात चल."

मी नको म्हणाले. ती म्हणाली, "मग सुमनला खरं सांगू काय?"

असं दटावून तिनं मला नेलं. माझी साखर चांगलीच वाढलेली निघाली, चरबी त्याहून जास्त. कित्येक वर्षं मी तिच्यादेखत कुंदा खात होते. कागद बघून ती हसली नाही. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "हिला बी दोन जावा दिल्यात काय देवानं?"

तेव्हापासून आमचा एक नेम ठरला. रात्रीचं जेवण झालं की ती भिंतीवर धोट्याचं लाकूड दोनदा आपटायची आणि ओरडायची, "रत्ने, सांधलंस काय गं?" गोळी घेतलीस काय, असं विचारणं. मी घेतली असेल तर "व्हय" ओरडायचं. मग मी आपटायचं आणि तिनं ओरडायचं. पाकिटात चार गोळ्या उरल्या की नवीन आणायची, पार संपायची वाट बघायची नाही. हा नियम तिचा. जुना ताणा संपायच्या आत नवा सांधायचा, तेच. माझेही पाय दुखायला लागले, तेव्हा माझ्या आधी तिनंच जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं आणि गोळी बदलून घेतली. तेलाच्या बाटलीला सुतं तिनंच बांधून दिली. प्रकाशची बायको कुरकुरायची, "घरात दोन दोन सासवा झाल्या."

सांधणी तिला पुन्हा झेपली नाही. तासभर बसली तरी दम लागायचा. पण कोणाचा ताणा लागला की जाऊन बघायची, आणि सांधणाऱ्या बायकांच्या मागं उभी राहायची. कोणी जरा फिक्या चेहऱ्याची दिसली की विचारायची, "घाम का आलाय गं तुला? ऊठ. ताणा जळू दे." तिच्या तोंडी हे शब्द ऐकून जुनी माणसं चकित व्हायची. दोघी-तिघींना तिनं उठवून दवाखान्यात पाठवलं. काही निघालं नाही. त्या चिडल्या. तिनं पर्वा केली नाही.

पुढं एकटी राहणं जमेना, तेव्हा सुमन तिला निपाणीला घेऊन गेली. तिथून ती रोज जेवणानंतर फोन करायची. हॅलो नाही, काही नाही. "सांधलंस काय?" मी "व्हय" म्हटलं की फोन बंद.

शेवटचं मी तिला निपाणीच्या बस स्टँडवर बघितलं. सुमनच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. लग्नात तिनं तीच साडी नेसली होती, त्या ताण्याची. मी हट्टानं ठेवून घेतली होती आणि तिला दिली होती. परतताना ती मला पोचवायला आली, हात अंगापासून लांब धरून, दर वीस पावलांवर थांबत. मी खिडकीशी बसले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, मोठा आवाज झाला. तिचं बोलणं ऐकू येईना. तिनं अंगठा आणि शेजारचं बोट वर धरलं आणि हवेत पीळ दिल्यासारखं केलं. मी मान हलवली, व्हय म्हटलं. आदल्या रात्री लग्नाच्या गडबडीत मी गोळी घेतली नव्हती. पिशवीतून पाकीट काढलं आणि तिच्यादेखत, खिडकीतच, पाण्याशिवाय गिळली. ती हसली. गाडी वळली.

त्यानंतरच्या थंडीत ती गेली. झोपेत गेली, सुमनच्या घरी. फोन आला तेव्हा मी कांड्या भरत होते. हातातली कांडी पुरी केली आणि मग उठले.

गल्लीतल्या नव्या सुना अजून मला विचारतात, तुमच्या मागावर सांधता सांधता गेली ती तुळसाक्का तुमचीच शेजारीण काय. लोकांनी तशी गोष्ट करून टाकली आहे. मी त्यांना सांगते. माझ्या सांगण्यानं तिनं गोळी सोडली होती, माझ्या मागासाठी ती बसून राहिली होती, आणि तरी त्या दिवशी तुळसाक्का मेली नाही. त्यानंतर ती सहा वर्षं जगली.